जंगलातल्या रायफलीसाठी छोटा स्कोप: दुकानात मिळेना झालाय, तर जुना कसा शोधायचा आणि कसा वाजवून घ्यायचा

गेल्या दोनतीन वर्षांत इथल्या ओळखीच्या चारपाच मराठी लोकांनी मला एकच प्रश्न विचारलाय. हरणाच्या सीझनसाठी हलकी रायफल घेतली, आता तिच्यावर २-७ नाहीतर २.५-८ असा छोटासा स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, बसवायचाय (आकडे म्हणजे पॉवर, किती पट मोठं दिसतं ते; × च्या पुढचा आकडा म्हणजे पुढच्या काचेचे मिलीमीटर), पण दुकानात गेलं की काउंटरवरचा माणूस ३-९×४० पुढे करतो, तो नको म्हटलं की एकदम ५-२५ वाला भलामोठा नळकांडा काढतो, मधलं काही नाहीच का? खरं सांगायचं तर मधलं जवळजवळ संपलंय. नवीन बनतात त्यातले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि ज्यांचं नाव जुने शिकारी अजून आदराने घेतात त्यातले बरेचसे आता फक्त सेकंडहँड मिळतात. म्हणून हे लिहायला घेतलं, सेकंडहँड स्कोप घेणं ही काही जुगारासारखी गोष्ट नाही, कुठे बघायचं आणि काय बघायचं एवढं कळलं की चांगला माल पदरात पडतो.

मी पेनसिल्वेनियात राहते, मधल्या डोंगराळ भागात, रॉथरॉक स्टेट फॉरेस्ट घरापासून फार लांब नाही. इथलं जंगल म्हणजे हेमलॉकची झाडं आणि त्याच्याखाली माउंटन लॉरेलची कंबरभर दाट झुडपं, शंभर यार्डाच्या पलीकडे सरळ दिसेल अशी जागा शोधावी लागते. माझ्याकडे रेमिंग्टनची मॉडेल सेव्हन आहे, सेव्हन एमएम-झिरो-एट काडतुसातली, दस्ता आखूड, वजनाला हलकी. तिच्यावर पहिल्या वर्षी मी दुकानदाराच्या सांगण्यावरून मोठा ४-१२ स्कोप बसवला होता. ओपनरच्या, म्हणजे सीझनच्या पहिल्या दिवशीच्या, सकाळी पंचवीस यार्डावर लॉरेलमधून एक मादी बाहेर आली, मी रायफल खांद्याला लावली आणि मला स्कोपमध्ये फक्त तपकिरी केस दिसले. नुसते केस. खांदा कुठे, पोट कुठे, पुढचा पाय कुठे काही कळेना, झूम नऊवर राहिला होता, तो कमी करायला हात हलवला आणि तेवढ्यात ती गेली. गेली ते बरंच झालं, कारण न कळता घोडा ओढला असता तर जखमी जनावर जंगलात शोधत बसायची वेळ आली असती, आणि ते दुःख मला नको होतं.

आता याचं गणित बघा म्हणजे छोट्या स्कोपची गरज का ते लक्षात येईल. नऊ पॉवरवर साधारण ३-९ स्कोपमधून शंभर यार्डावर जेमतेम १४ फुटांचा पट्टा दिसतो, म्हणजे पंचवीस यार्डावर साडेतीन फूट, हरणाचं अंगच त्याच्यापेक्षा लांब. दोन पॉवरवर हाच पट्टा शंभर यार्डाला चाळीसेक फूट असतो, म्हणजे पंचवीसला दहा फूट, अख्खं जनावर, त्याच्या मागचं झाड, बाजूला दुसरं हरीण उभं आहे का ते सगळं दिसतं. खालचा आकडा २ किंवा २.५ असणं हे म्हणूनच वरच्या आकड्यापेक्षा जास्त महत्त्वाचं, आणि लोक नेमकं उलटं बघतात.

दुसरी गोष्ट उजेडाची. इथे कायद्याने सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकार करता येते आणि हरणं बहुतेक त्याच कडेच्या वेळात हलतात. लोकांना वाटतं पुढची काच मोठी तर उजेड जास्त. पण डोळ्यात किती उजेड येणार ते पुढच्या काचेचे मिलीमीटर भागिले पॉवर यावर ठरतं, त्याला एक्झिट प्युपिल म्हणतात. ३६ ची काच आठ पॉवरवर ४.५ मिलीमीटर देते, तीच चार पॉवरवर ९ देते. माणसाची बाहुली अंधारात फार तर ५ ते ७ पर्यंत उघडते आणि वय वाढलं की त्याहून कमीच. म्हणजे ३३ किंवा ३६ चा स्कोप संध्याकाळी चारपाचवर आणून ठेवला की डोळ्याला झेपेल तेवढा उजेड तो देतोच, ५० ची काच लावून त्या पॉवरवर वाढीव काही मिळत नाही. वाढतं ते फक्त वजन, आणि स्कोप रायफलीच्या नळीपासून उंच बसवावा लागतो, मग गाल दस्त्यावर नीट टेकत नाही. ल्युपोल्डचा २.५-८×३६ सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास भरतो. आजकालचे ३० मिलीमीटर नळीचे ३-१५ वगैरे स्कोप सहाशेच्या पुढे जातात. दिवसभर डोंगर चढून बघा, तीनशे ग्रॅम म्हणजे काय ते संध्याकाळी खांदा सांगतो.

मग एवढी कामाची वस्तू गेली कुठे? माझ्या मते दोन बाजूंनी दाबली गेली. एकीकडे एआर (लष्करी धाटणीच्या सेमी-ऑटो) रायफलींमुळे १-६, १-८, १-१० अशा खऱ्या एक पॉवरपासून सुरू होणाऱ्या स्कोपची लाट आली, दुसरीकडे लांब पल्ल्याच्या नेमबाजीची हवा आली, सहाशे सहाशे यार्डावर डायल फिरवून मारायचं, त्याला मोठी झूम, मोठे टरेट (नेम वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवायचे गोल खुंटे), जाड नळी लागते. पूर्वी झूम तीनसाडेतीनपटच असायची, २-७, ३-९, आता पाचपट सहापट आठपट, त्यामुळे दुकानात शेजारीशेजारी ठेवले की २.५-८ लोकांना कमी वाटतो, तेवढ्याच पैशात जास्त आकडे मिळतात ना. आणि स्वस्तातली गिऱ्हाइकं ३-९×४० नेतात, रायफलबरोबर खोक्यातच बसवून येतो तो. निकॉनने तर २०१९ च्या शेवटी रायफल स्कोपचा धंदाच बंद करत असल्याचं सांगितलं, त्यांचा प्रोस्टाफ २-७×३२ हा कमी पैशात फार प्रामाणिक स्कोप होता. वीव्हर कंपनीचा टेक्सासमधल्या एल पासोचा कारखाना तर १९८४ लाच बंद झाला.

शोधताना कुठली नावं डोक्यात ठेवायची ते सांगते. ल्युपोल्ड ही ओरेगनमधल्या बीव्हर्टनची कंपनी, तिचे व्हारी-एक्स टू आणि नंतरचे व्हीएक्स-टू, दोन्हीत २-७×३३ आहे आणि तो सगळ्यात जास्त सापडतो. त्याच्या वरच्या दर्जात व्हारी-एक्स थ्री आणि व्हीएक्स-थ्री, त्यात १.७५-६×३२ आणि २.५-८×३६. हे १.७५-६ वाले ज्याच्याकडे आहेत तो सहजासहजी सोडत नाही, मला स्वतःला एक मिळायला दीड वर्ष लागलं. बर्रिसचा फुलफील्ड टू २-७×३५ दणकट आहे, वजनाला थोडा जास्त पण काच छान. झाइसचा कॉन्क्वेस्ट २.५-८×३२ दिसला तर किंमत ऐकून लगेच नाही म्हणू नका, संध्याकाळच्या उजेडात त्याच्यातून एकदा बघा. स्वारोव्स्कीचा ३-९×३६ थोडा वरच्या झूमचा पण फार हलका, तोही याच घरातला समजा. व्होर्टेक्सचा डायमंडबॅक २-७×३५ जुना मिळतो.

ल्युपोल्डला मी झुकतं माप देते त्याचं कारण साधं आहे, त्यांची गॅरंटी स्कोपबरोबर चालते, मालकाबरोबर नाही. तुम्ही दुसरे मालक असा नाहीतर चौथे, बिल नसलं तरी ते दुरुस्त करून देतात. व्होर्टेक्सचंही तसंच आहे. सेकंडहँड घेणाऱ्याला याच्यासारखा आधार नाही. मात्र ज्या कंपन्या बंद झाल्यात किंवा नुसतं नाव विकलं गेलंय, त्यांच्या जुन्या मालाला कोणी वाली नसतो हे धरून किंमत करा, वीव्हर आणि रेडफील्डचे जुने स्कोप सुंदर असतात पण आतून धुकं आलं तर खर्च तुमचाच.

कुठे बघायचं? ईबे आणि गनब्रोकर (बंदुकांच्या लिलावाचं संकेतस्थळ) आहेतच, पण माझे चांगले सौदे तिथे झाले नाहीत. गन शोमध्ये झाले आणि त्याहून चांगले छोट्या गावातल्या गन शॉपच्या काचेच्या कपाटात झाले, जिथे कोणीतरी जुन्या रायफलीवरचा छोटा स्कोप काढून मोठा बसवून घेतलेला असतो आणि काढलेला तिथेच पडून असतो. दुकानदाराला सरळ विचारा, लोकांनी काढून दिलेले स्कोप ठेवता का? अर्ध्या दुकानांत मागे एक खोका निघतो. अजून एक वाट म्हणजे अख्खी जुनी रायफलच स्कोपसकट विकायला आलेली असते. इथे आजोबांची रेमिंग्टन ७६० पंप घरोघरी असते, नातवंडं ती विकायला काढतात आणि वरच्या स्कोपची किंमत त्यांनी धरलेलीच नसते. एक लक्षात असू द्या, दुकानातून रायफल घेतली तर कायद्याची कागदपत्रं लागतात, नुसत्या स्कोपला लागत नाहीत, तो टपालाने सरळ घरी येतो.

वेळ पण महत्त्वाची. ऑक्टोबर नोव्हेंबरमध्ये अजिबात घेऊ नका, थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी रायफल सीझन उघडतो आणि त्याच्या आधी महिनाभर सगळे घाईत असतात, विकणारे भाव खातात. जानेवारी फेब्रुवारीत बघा. सीझन संपलेला, क्रिसमसला कोणाला तरी नवा मोठा स्कोप मिळालेला, जुना कपाटात पडलेला, अशा वेळी माणूस बोलायला तयार असतो.

ऑनलाइन घेत असाल तर फोटोंवर डोळ्यात तेल घालून बसा. मी एकदा फसलेय. जाहिरातीत लिहिलं होतं नव्यासारखा, फोटो पुढून एक मागून एक, दोन्ही लांबून. घरी आल्यावर बघते तर नळीवर स्कोप धरून ठेवणाऱ्या रिंगांच्या दोन खोल खाचा, वर वर घासलेल्या नाही, नळी दबलेली. आणि दुसरं त्याहून वाईट, तो रिमफायरसाठी, म्हणजे .२२ सारख्या छोट्या काडतुसाच्या रायफलीसाठी, बनवलेला होता. हे नीट समजून घ्या कारण छोट्या स्कोपमध्ये हा घोटाळा हमखास होतो. डोळा जरा हलला की आतली फुली लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते, त्याला पॅरलॅक्स म्हणतात; या छोट्या स्कोपना ते घालवायचं चाक बाजूला नसतं, कारखान्यातच एका अंतरासाठी ते पक्कं करून देतात. ल्युपोल्डचे मोठ्या काडतुसाचे १५० यार्डावर, शॉटगन आणि मझललोडरचे (तोंडाकडून दारू भरायच्या बंदुकीचे) ७५ वर, रिमफायरचे ६० वर. बाहेरून सगळे सारखेच दिसतात. २-७×२८ हा बारका स्कोप रिमफायरमध्येही आहे आणि साध्यातही. म्हणून विकणाऱ्याला विचारा की मॉडेलचं पूर्ण नाव काय, झूमच्या रिंगजवळ किंवा नळीखाली काय लिहिलंय त्याचा जवळून फोटो पाठवा, सीरियल नंबर पाठवा. नंबर हातात असला की कंपनीला फोन करून तो कधीचा आहे ते विचारता येतं, शिवाय नकली माल बाजारात आहे, ल्युपोल्डच्या नावाने बनावट स्कोप विकले गेलेत आणि कंपनीने स्वतः त्याबद्दल सावध केलंय. रिंगा कुठे बसत होत्या तिथला फोटो, दोन्ही काचांवर तिरका उजेड पाडून काढलेला फोटो, आणि कागदावर आजची तारीख लिहून तो कागद शेजारी ठेवून एक फोटो, एवढं मागा. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका, मग किंमत कितीही चांगली असो. पैसे परत मिळायची सोय असेल अशाच मार्गाने द्या.

आता हातात स्कोप आलाय, टेबलावर, विकणारा समोर उभा आहे. मडकं घेतानासुद्धा आपण वाजवून घेतो, मग हे तर दोनअडीचशे डॉलरचं भिंग. मी खिशात एक पेनएवढा छोटा टॉर्च आणि चष्म्याचं मऊ फडकं घेऊन जाते. आधी टॉर्च पुढच्या काचेतून आत मारायचा आणि डोळा पुढच्याच बाजूला तिरका ठेवून बघायचं, सरळ नाही, तिरकं. चांगल्या कोटिंगवर उजेड हिरवट किंवा जांभळट चमकतो आणि आत काळोख दिसतो. आत पांढुरकी साय धरल्यासारखं दिसलं तर ते बाष्प किंवा वंगणाची वाफ. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक फांदे फुटलेले दिसले तर ती बुरशी, स्कोप खाली ठेवायचा आणि पुढे चालायला लागायचं. मला एकदा अतिशय देखणा, बाहेरून एक ओरखडा नसलेला २-७ मिळाला होता, सरळ बघितलं तर स्वच्छ, टॉर्च तिरका धरल्यावर आतल्या भिंगाच्या कडेला नखाएवढ्या जागेत ते जाळं दिसलं. विकणाऱ्या बिचाऱ्यालाही माहीत नव्हतं, त्याने वडिलांचा म्हणून आणलेला, ओलसर तळघरात पंधरा वर्षं पडून होता. मग हेच सगळं मागच्या काचेतून. बाहेरच्या काचेवर दोनचार बारीक रेषा असल्या तर घाबरू नका, पुढच्या काचेवरचा छोटा ओरखडा बघताना दिसतच नाही, मागच्या काचेवरचा मात्र त्रास देतो.

झूमची रिंग फिरवा. सगळीकडे सारखी जड लागली पाहिजे, मधेच मऊ मधेच अडकली तर आतलं वंगण वाळलंय. फिरवताना भिंतीवरच्या एखाद्या ठिपक्यावर क्रॉसहेअर, म्हणजे आतली फुली, धरून ठेवा, स्कोप टेबलावर दाबून धरायचा म्हणजे हलणार नाही, आणि खालच्या पॉवरपासून वरपर्यंत जाताना क्रॉसहेअर त्या ठिपक्यावरून सरकतंय का बघा. सरकत असेल तर पॉवर बदलली की गोळी वेगळीकडे जाणार. स्कोप कानाशी धरून हळूच हलवा, आत काही खुळखुळता कामा नये. टरेटची टोपणं काढा, आतल्या रबरी रिंगा जागेवर आहेत का बघा, स्क्रूच्या खाचा कोणी पक्कडने वगैरे बिघडवल्यात का बघा, आणि टरेट दोन्ही बाजूला थोडा फिरवून परत आणा. जुन्या व्हारी-एक्स टू मध्ये क्लिक नसतात, नुसतं घासत फिरतं, तो बिघाड नाही, ते तसंच बनवलेलं आहे. आणि कुठल्या तरी एका बाजूला टरेट अगदी शेवटपर्यंत जाऊन टेकलेला असेल तर विचार करा, कदाचित आधीच्या मालकाच्या रिंगा वाकड्या होत्या, कदाचित आत काही तुटलंय.

नळीवरच्या रिंगांच्या खुणा अंगठ्याच्या नखाने तपासा. नख नुसतं घसरलं तर रंग गेलाय एवढंच, नख अडकलं तर नळी दबलीय. रंग गेलेला मी हसत घेते, त्यामुळे तर किंमत कमी होते.

घरी आणल्यावर रायफलीवर चढवायच्या आधी अजून दोन कामं. जुन्या पुठ्ठ्याच्या खोक्याच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना व्हीच्या आकाराच्या खाचा कापा, स्कोप त्यात ठेवा, खोक्यात दोन विटा म्हणजे हलणार नाही. पंचवीस यार्डावर इंचाच्या रेघा मारलेला मोठा कागद चिकटवा, अंगण नसेल तर पार्किंगची लांब भिंत चालते, पण आधी शेजाऱ्यांना सांगा काय चाललंय ते, नुसता स्कोप लावून बघणारा माणूस दिसला तरी लोक घाबरतात. पाव मिनिटाची (मिनिट हे कोनाचं माप, शंभर यार्डावर साधारण एक इंच) क्लिक असेल तर शंभर यार्डावर एक क्लिक पाव इंच, पंचवीसला त्याच्या चौथाई, म्हणजे सोळा क्लिकला एक इंच. आता वर ६४, उजवीकडे ६४, खाली ६४, डावीकडे ६४. क्रॉसहेअरने चार इंचाचा चौकोन काढून बरोबर निघाल्या जागी परत यायला हवं. थोडा मागेपुढे चालेल, आपण काही डायल फिरवत शिकार करणार नाही, एकदा झिरो केला, म्हणजे नेम आणि गोळी एका जागी आणली, की टोपणं लावून विसरायचं, पण परत जागेवर येत नसेल तर तो झिरो धरून ठेवेल याची खात्री नाही, त्याला कंपनीकडे पाठवा.

दुसरं काम मधोमध आणायचं. एक सपाट आरसा घ्या, स्कोपची पुढची कड त्याला टेकवून सरळ उभी करा, झूम सगळ्यात कमी, आणि मागून बघा. क्रॉसहेअर दोन दिसतील, एक खरं आणि एक त्याची अंधूक सावली. टरेट फिरवत फिरवत दोन्ही एकावर एक आणा. आले की रेटिकल, म्हणजे तीच फुली, नळीच्या बरोबर मध्यावर आलं. आमच्या शेजारच्या वृद्ध शिकाऱ्याने मला हे शिकवलं, आयुष्यभर डोंगरात हरणं मारलेला माणूस, त्यांच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर बायकोचा मेकअपचा आरसा घेऊन बसलो होतो आम्ही. मध्यावरून सुरुवात केली की बसवल्यावर फार क्लिक खर्च होत नाहीत आणि रिंगा वाकड्या असतील तर लगेच कळतं.

बसवताना छोट्या स्कोपची एकच खरी अडचण आहे, ती म्हणजे नळीची लांबी. टरेटच्या पुढे आणि मागे रिंग धरायला जी सरळ जागा असते ती कमी असते. मॉडेल सेव्हनसारख्या आखूड ॲक्शनवर (ॲक्शन म्हणजे काडतूस आतबाहेर करणारा भाग) काही प्रश्न येत नाही, पण थर्टी-ओ-सिक्ससारख्या लांब काडतुसाच्या, लांब ॲक्शनच्या रायफलीवर दोन बेसमधलं, म्हणजे रिंगा ज्यावर बसतात त्या पट्ट्यांमधलं, अंतर जास्त पडतं आणि रिंग पोचतच नाही, किंवा पोचते पण स्कोप इतका पुढे राहतो की पूर्ण चित्र दिसायला मान ताणावी लागते. म्हणून विकत घ्यायच्या आधीच आपल्या रायफलीच्या दोन रिंगांमधलं अंतर पट्टीने मोजा आणि स्कोपच्या मापांशी ताडून बघा. नाहीच जमलं तर पुढेमागे वळलेल्या एक्स्टेंशन रिंगा मिळतात, किंवा एक अखंड पिकाटिनी रेल लावायची, तिच्यावर रिंग कुठल्याही खाचेत बसते, फक्त स्कोप थोडा उंच जातो. मार्लिन ३३६ वर हे छोटे स्कोप फार शोभतात आणि कामही छान करतात. विंचेस्टर ९४ असेल तर आधी बघा ती अँगल इजेक्ट (रिकामं काडतूस बाजूला फेकणारी) आहे का, त्याच्या आधीच्या रायफली रिकामं काडतूस सरळ वर फेकतात, तिथे मधोमध वर स्कोप लावताच येत नाही.

रायफल रिकामी आहे ना हे दोनदा बघून, सीझनमध्ये घालता तोच जाड कोट घालून बसवा. टीशर्टवर मोजलेलं अंतर डिसेंबरच्या कोटात अर्धा पाऊण इंच चुकतं. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, मग डोळे उघडा. चित्र पूर्ण गोल आणि कडेला काळी सावली नाही, हे वरच्या पॉवरवर तपासायचं, कारण तिथे आय रिलीफ (पूर्ण चित्र दिसायला डोळा मागच्या काचेपासून जितका लांब चालतो ते अंतर) कमी होतो. भुवईपासून साडेतीन इंच तरी अंतर राहू द्या, धक्क्याने स्कोप कपाळावर आदळला तर टाके पडतात. रिंगांचे स्क्रू १५ ते १८ इंच-पाउंड, टॉर्कच्या पान्याने, आणि रिंग बनवणाऱ्याने वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा. अंदाजाने आवळू नका, त्या खोल खाचा अशाच पडतात.

झिरो करताना पहिल्या गोळ्या पंचवीस यार्डावर, कागदावर लागायला लागलं की शंभरवर. जुन्या स्कोपमध्ये टरेट फिरवल्यावर आतला भाग कधीकधी पहिल्या धक्क्यानंतर जागेवर बसतो, म्हणून बदल केला की टरेटवर स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने दोन हलक्या टिचक्या मारा आणि मग तीन गोळ्यांचा गट बघा, एका गोळीवर निर्णय घेऊ नका. सेव्हन एमएम-झिरो-एट किंवा .३०८ असेल तर शंभरला दीड-दोन इंच वर ठेवलं की दोनशे यार्डापर्यंत विचार करावा लागत नाही, आणि आपल्या या जंगलात दोनशे यार्ड म्हणजे वीज कंपनीच्या तारांखालची मोकळी पट्टीच. झिरो झाला की झूम खालून वर फिरवून प्रत्येकी तीन गोळ्या मारून बघा, गट एकाच जागी पडले पाहिजेत.

नवाच हवा असेल, जुन्यावर मन बसत नसेल, तर मार्ग अगदी बंद नाहीत. ल्युपोल्डच्या व्हीएक्स-फ्रीडम मालिकेत २-७×३३ आलाय, दर्जा व्हीएक्स-थ्री इतका नाही पण जंगलाला पुरून उरतो. वायोमिंगमधल्या लँडरची मेव्हन कंपनी आरएस.२ नावाचा २-१०×३८ बनवते, एक इंची नळी, साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास, किंमत जास्त आहे पण आज नव्यामध्ये छोट्या स्कोपचा विचार करून बनवलेला म्हणावा असा मला तोच आवडला. व्होर्टेक्सचा क्रॉसफायर टू २-७×३२ कमी पैशातला. आणि झूमचा हट्ट सोडलात तर जुना ल्युपोल्ड एम-एट चार पॉवरचा किंवा वीव्हरचा के-फोर घ्या, स्थिर चार पॉवर, आत हलणारे भाग कमी म्हणून बिघडायला कमी, आणि झूमवाल्यांपेक्षा बराच स्वस्त. एआरवाला १-६ या रायफलीवर लावू का असं विचारतात, लावता येतो, पण त्यातले बरेच पाचशे ग्रॅमच्या वर असतात आणि २४ ची काच सहा पॉवरवर चारच मिलीमीटर देते, संध्याकाळी फरक कळतो.

एक गोष्ट कळकळीने सांगते कारण आपल्या लोकांत हे होताना दिसतं. गावाकडे कोणाला तरी भेट म्हणून, किंवा एअर रायफलला लावायला म्हणून, स्कोप बॅगेत टाकून भारतात नेऊ नका. रायफल स्कोप अमेरिकेच्या निर्यात नियंत्रणात येतो, देशाबाहेर पाठवायला किंवा न्यायला लायसन्स लागतं, छोटा जुना असला तरी. आणि तिकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकारीला बंदी आहे, रानडुक्कर शेतात येतं म्हणून काकांनी मागितला तरी नाही म्हणा.

जंगलात गेल्यावर झूम खालीच ठेवा, दोनवर नाहीतर अडीचवर. लांब जनावर दिसलं तर वाढवायला वेळ असतो, जवळ दिसलं तर कमी करायला नसतो. आणि झाडीत काय हललं ते बघायला दुर्बीण गळ्यात असू द्या, स्कोपमधून बघायचं म्हणजे रायफल तिकडे रोखली जाते आणि तिथे नारिंगी जाकिटातला माणूस असू शकतो. कॅम्पवर रात्री रायफल लॉकच्या केसमध्ये थंड खोलीतच ठेवा, हीटरजवळ आणली तर काचांवर बाहेरून दव धरतं, आणि पहाटे ती तशीच ओली बाहेर नेली की त्याचं बर्फ होतं. लेन्सच्या टोप्या घालून ठेवा, मचाणावर चढून बसलात की काढा, आणि थंडीत काचेवर तोंडाने वाफ घालून पुसायची सवय असेल तर ती तेवढे पंधरा दिवस बंद करा, मऊ फडकं वरच्या खिशात ठेवा, उजव्या हाताला चटकन सापडेल असं.